मन मोजणारे डॉक्टर

गावातला कुणी मुलगा अथवा मुलगी पीएच. डी. झाली, की पेढे वाटले जातात, वेशीवर अभिनंदनाचा फलक लागतो आणि पारावर एक प्रश्न हमखास निघतो : ‘डॉक्टर झाली म्हणता, मग दवाखाना कुठं टाकणार?’ विषय रसायनाचा अथवा शेतीचा असला, तर समजूत घालणे अवघड जात नाही. परंतु विषय मानसशास्त्र असला, म्हणजे मोठी पंचाईत होते. ‘म्हणजे वेड्यांची डॉक्टर का?’ असे कुणीतरी विचारतोच. नाही म्हणावे, तर पुढचा प्रश्न असतो, ‘मग चार-पाच वर्षं केलं तरी काय?’

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो अगदी रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देणे हे त्या नव्या डॉक्टरांचे आणि आम्हां शिक्षकांचे कामच आहे. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द या गावी २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. ‘संशोधन’ हा शब्द आता गावच्या पाटीवर आला आहे. यंत्राचे संशोधन म्हणजे काय, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. मनाचे संशोधन मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते कसे करतात, कुणी केले, आणि त्याचा अवसरीच्या शाळेतल्या पोराशी संबंध काय, एवढेच या भाषणात सांगावयाचे आहे.

प्रथम प्रबंध म्हणजे काय ते पाहू. प्रबंध म्हणजे जाड पुस्तक नव्हे. प्रबंध म्हणजे एक प्रश्न, आणि त्या प्रश्नाचे असे उत्तर, की जे दुसऱ्या कुणालाही तपासून पाहता यावे. आधीच्या लोकांनी काय म्हटले आहे ते वाचावयाचे, आपला अंदाज आधीच मांडून ठेवावयाचा, माणसे निवडावयाची, त्यांना सारखीच कामे अथवा सारखेच प्रश्न द्यावयाचे, आकडे मांडावयाचे आणि अंदाज खोटा ठरला तर तेही लिहावयाचे. शेवटचे कलम सर्वांत कठीण. ‘माझे चुकले’ असे स्वच्छ लिहून पदवी मिळवता येते, असे क्षेत्र जगात दुसरे क्वचितच असेल.

मनाच्या बाबतीत ही रीत फार जुनी नाही. विल्हेल्म वुंट या जर्मन प्राध्यापकाने १८७९ साली लायप्त्सिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेथून या शास्त्राचा स्वतंत्र संसार सुरू झाला असे मानतात. त्याच्या एक वर्ष आधी, म्हणजे १८७८ साली, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात स्टॅन्ली हॉल यांना मानसशास्त्रातील तेथील पहिली डॉक्टरेट मिळाली होती. म्हणजे दीडशे वर्षांच्या आतबाहेरची ही गोष्ट. आपल्याकडच्या कित्येक वाड्यांचे वय याहून अधिक आहे!

या प्रबंधांचे विषय फार मोठे असतात, असा एक समज आहे. वस्तुतः चांगल्या प्रबंधाचा प्रश्न बहुधा लहान असतो. ब्ल्यूमा झायगार्निक ही तरुणी बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली शिकत होती. हॉटेलातला वेटर पैसे देणे बाकी असलेल्या गिऱ्हाइकांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवतो, पण पैसे मिळाले की तीच यादी विसरतो, अशा एका निरीक्षणातून तिचा विषय निघाला, असे सांगतात. आपल्या दुकानदाराला उधारीचा आकडा वहीशिवाय आठवतो आणि चुकती झालेली रक्कम आठवत नाही, तसलाच हा प्रकार. तिने माणसांना छोटी छोटी कामे दिली, काही पुरी करू दिली, काही मध्येच थांबविली, आणि मग कोणती कामे आठवतात ते विचारले. अर्धवट राहिलेली कामे अधिक आठवतात, असा निष्कर्ष तिने १९२७ साली प्रसिद्ध केला. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो निष्कर्ष सगळीकडे तेवढा पक्का उतरला नाही. म्हणून तिचे काम फुकट गेले काय? मुळीच नाही. तपासता येईल अशा रीतीने तिने ते लिहिले, म्हणून तर इतरांना तपासता आले.

दुसरा मासला जॉन रिडली स्ट्रूप यांचा. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने छापला आणि शाईचा रंग सांगा म्हटले, तर माणूस अडखळतो. का? कारण वाचणे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते, की डोळा शब्द आधी वाचतो आणि रंग मागाहून सांगतो. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे केलेल्या आपल्या प्रबंधाचे हे काम स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केले. नंतर ते बायबल शिकविण्यात रमले आणि या विषयाकडे फारसे वळले नाहीत. त्यांची ही चाचणी मात्र आजही जगभर प्रयोगशाळांत आणि रुग्णालयांत वापरली जाते. तुम्ही हा प्रयोग घरीही करू शकता. पहिलीतल्या, नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या मुलाला करायला लावा. तो तुमच्याइतका अडखळणार नाही, कारण त्याला अजून वाचण्याची सवय जडलेली नाही.

आता पदवीची दुसरी बाजू. ज्ञान मिळविले, पण पदवी नाकारली, असेही झाले आहे. मेरी कॅल्किन्स या विदुषीने हार्वर्डमध्ये डॉक्टरेटसाठी लागणारे सर्व काम पुरे केले आणि तिच्या परीक्षकांनी तिची शिफारसही केली. परंतु ती स्त्री, म्हणून विद्यापीठाने पदवी दिली नाही. पुढे १९०२ साली तिला हार्वर्डऐवजी रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी देऊ केली. ती तिने घेतली नाही. जेथे काम केले तेथलीच पदवी हवी, हे तिचे म्हणणे. १९०५ साली हीच बाई अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेची अध्यक्ष झाली. फ्रान्सिस सम्नर हे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. त्यांना ती १९२० साली मिळाली. म्हणजे हॉल यांच्या पदवीनंतर बेचाळीस वर्षांनी. ज्यांच्या मनाबद्दल इतर लोक निष्कर्ष काढीत होते, त्यांना स्वतः निष्कर्ष काढण्याचा अधिकार मिळायला एवढा काळ लागला.

आपल्या देशात या शास्त्राचा पहिला विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला आणि १९२१ साली तेथेच गिरींद्रशेखर बोस यांनी दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहून डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. नको असलेले विचार मन आत कसे दाबून टाकते, हा त्यांचा विषय. बोस मूळचे वैद्यकाचे डॉक्टर. तेव्हा ते दोन्ही अर्थांनी डॉक्टर झाले, आणि पारावरच्या मंडळींचेही समाधान झाले असते! त्यांनी आपला ग्रंथ व्हिएन्नात फ्रॉइड यांच्याकडे पाठविला आणि त्या दोघांचा पत्रव्यवहार पुढे बरीच वर्षे चालला. मौज अशी, की बोसांनी फ्रॉइडपुढे मान तुकविली नाही. आपल्या रुग्णांत मला वेगळे आढळते, असे ते त्यांना कळवीत राहिले.

हाच ताठ कणा एका मराठी विदुषीच्या प्रबंधात दिसतो. इरावती कर्वे यांचे नाव ‘युगान्त’मुळे घरोघर गेले. पण त्यांच्या डॉक्टरेटची हकिगत तेवढी ठाऊक नसते. त्यांचा विषय मानववंशशास्त्राचा, परंतु प्रश्न मनाच्या आणि बुद्धीच्या मोजमापाशी भिडणारा होता. सासरे धोंडो केशव कर्वे यांना सुनेचे परदेशी जाणे पसंत नव्हते. पती दिनकर कर्वे यांचा मात्र पाठिंबा होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. फिशर यांची धारणा अशी होती, की युरोपीय गोऱ्या माणसाच्या कवटीच्या दोन बाजू विशिष्ट रीतीने असमान असतात, इतर वंशांत तसे नसते, आणि या फरकाचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठतेशी आहे. ते सिद्ध करण्याचे काम या मराठी मुलीकडे आले.

क्षणभर विचार करा. परका देश, परकी भाषा, मार्गदर्शक जगप्रसिद्ध, आणि पदवी त्यांच्याच हातात. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या घेऊन बसून मापे घेतली, आणि आकडे जे बोलले तेच लिहिले : असमानता सर्वांतच असते, वंशावंशांत तसा फरक दिसत नाही. म्हणजे मार्गदर्शकाचे म्हणणे खरे ठरत नाही. १९३०च्या सुमारास त्यांना पदवी मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच जर्मनीत वंशश्रेष्ठतेच्या नावाने काय झाले, आणि फिशर कुणाच्या बाजूला उभे राहिले, हे इतिहासाला ठाऊक आहे. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाने ते संकट टळले नाही हे खरे. परंतु संकटाच्या तोंडाशी एकाने तरी खरे माप लिहून ठेवले होते, आणि ते माप पुण्याच्या एका बाईने घेतलेले होते. प्रबंधाचा अभिमान धरावयाचा तो अशासाठी.

माप कुणाचे आणि मोजायचे कुणाला, हा प्रश्न पुढे आपल्या शाळांच्या दारातही आला. पॅरिस शहरात अल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धीची पहिली व्यवहार्य मापनश्रेणी केली. कोणत्या मुलांना शिकविताना जादा मदत लागेल, एवढेच त्यांना ओळखावयाचे होते. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बदलून घेतली. रीत सोपी आहे. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलांना साधणारे प्रश्न सोडविले, तर दहाला आठाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. आला बुद्ध्यंक १२५. गणित सोपे, पण खरा घोळ प्रश्नांत आहे. पॅरिसच्या अथवा कॅलिफोर्नियाच्या मुलाला जे घरात, रस्त्यात सहज दिसते, ते आपल्या मुलाला दिसतेच असे नाही.

हा घोळ ओळखून आपल्या भागात ज्यांनी हात घातला, त्यांत व्ही. व्ही. कामत यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. धारवाडला राहून त्यांनी ही श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसविली. नुसते भाषांतर करून भागत नाही. प्रत्येक प्रश्न आपल्या मुलांना विचारून पाहावा लागतो. तो कितव्या वर्षी बहुतेकांना सुटतो, हे पाहून त्याची जागा बदलावी लागते. निरुपयोगी प्रश्न टाकून त्या जागी दुसरे घ्यावे लागतात. याला प्रमाणीकरण म्हणतात. त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला आणि ‘बिने-कामत’ हे जोडनाव आजही आपल्या दवाखान्यांत व समुपदेशन केंद्रांत ऐकू येते. पॅरिसच्या साहेबाच्या नावाशेजारी कामतांचे नाव लागले, ते या खटाटोपामुळे.

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला. प्रा. व्ही. के. कोठुरकर हे त्याचे पहिले प्रमुख. ‘प्रायोगिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तोवर आमच्या महाविद्यालयांतून मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाच्या ओसरीवर बसून शिकविले जात असे. आता त्याला स्वतःची खोली मिळाली, उपकरणे मिळाली, आणि पुण्याच्या मुलांना पुण्यात राहून मनावर प्रबंध लिहिता येऊ लागला.

त्यांतलाच एक प्रबंध आनंद परांजपे यांचा. विषय जातीचा. जातीविषयीचे पूर्वग्रह माणसाच्या मनात कसे राहतात आणि त्यांचा त्या व्यक्तीशी संबंध काय, याचा त्यांनी पुण्यात अभ्यास केला. १९७० साली ते काम इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. पुढे ते कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ‘मी कोण’ या प्रश्नाकडे पाश्चात्त्य मानसशास्त्र कसे पाहते आणि आपले वेदान्त, योग कसे पाहतात, यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. सुरुवात मात्र कुठून झाली? आपल्याच गल्लीतल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या आणि कुणीच मोजू न धजणाऱ्या गोष्टीपासून.

ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक विनायक विश्वनाथ तथा अप्पा पेंडसे हेही मानसशास्त्राचे डॉक्टर. १९६२ साली त्यांनी पुण्यात बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग मांडला. त्या संस्थेत डॉ. उषा खिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिल्फर्ड यांच्या सिद्धांताच्या आधारे मराठी मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. बुद्धी ही एकच नसून अनेक क्षमतांची जुडी आहे, असे गिल्फर्ड म्हणत. ज्याला पाढे येत नाहीत तो ‘ढ’, हा आमच्या शाळामास्तरांचा जुना निकाल त्यामुळे थोडा तरी डळमळला.

आणि आपल्या जुन्नर-आंबेगावकडे पाहाल, तर डॉ. पंढरीनाथ प्रभू यांचे काम विशेष जवळचे वाटेल. खेड्यांतून मुंबईत आलेल्या औद्योगिक कामगारांवर शहरी जीवनाचे काय परिणाम होतात, यावरील त्यांचा अभ्यास युनेस्कोने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या एका संग्रहात आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणीकामगार होता. परदेशी कापडाच्या मोटारीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी त्याने प्राण दिला, म्हणून त्याचे नाव राहिले. परंतु त्याच वाटेने गेलेल्या, चाळीतल्या एका खोलीत दहाजणांनी राहून गावाकडे मनिऑर्डर पाठविणाऱ्या असंख्य माणसांच्या मनात काय चालले होते, हे विचारायला अशा अभ्यासकाखेरीज कोण जाणार होते?

आता पुन्हा अवसरी खुर्दला येऊ. समजा, उद्या एखादी नवी संशोधिका आपल्या प्रश्नावल्या घेऊन या गावच्या शाळेत आली. तिच्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे : ‘रात्री एकट्याने घराबाहेर पडायला तुला भीती वाटते का?’ पुण्याच्या पेठेतल्या मुलाने ‘होय’ म्हटले, तर भित्रेपणाकडे एक गुण मांडता येईल. परंतु जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडात बिबट्या असतो, हे इथले शेंबडे पोरही जाणते. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावे लागले, असा हा मुलूख. येथे ‘होय’ म्हणणारे मूल भित्रे नव्हे, शहाणे आहे! उलट, ‘वाफसा म्हणजे काय?’ असा प्रश्न बुद्धिमापनात घातला, तर येथले पाचवीतले पोर पटकन उत्तर देईल आणि शहरातल्या पदवीधराची त्रेधा उडेल. मग ढ कोण?

म्हणून सांगतो, की ज्या प्रबंधात माणसे मोजली जातात, त्यात ती माणसे राहतात कुठे, हे मोजणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. चुकीच्या मापाचा फटका कागदाला बसत नाही, मुलाला बसतो. ‘मंद’ असा शेरा एकदा नावापुढे पडला, की मास्तर त्याला मागच्या बाकावर बसवतो, बाप त्याला शेरडांमागे धाडतो, आणि दोन वर्षांनी तो शेरा खरा करून दाखविला जातो. यासाठीच या विषयातील डॉक्टरांची आपल्याला गरज आहे, आणि ते आपल्या भागातून निघाले तर अधिकच बरे.

एक गाऱ्हाणेही मांडले पाहिजे. पुष्कळसे प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. ज्या मुलांनी, ज्या कामगारांनी, ज्या आयाबहिणींनी तासन् तास बसून उत्तरे दिली, त्यांना शेवटी काय निघाले ते कुणी कळवीत नाही. प्रबंध बांधणीवाल्याकडून येतो, ग्रंथालयाच्या फडताळात बसतो आणि आता संगणकावरही ठेवला जातो. पण अवसरीच्या पारापर्यंत तो पोचत नाही. मराठीत परिभाषा नाही, ही सबब चालणार नाही. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान-महाकोश तीन खंडांत निघाला. तत्त्वज्ञानासारख्या विषयाला मराठी पुरली, ती मनाच्या विषयाला पुरणार नाही असे नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात अथवा नात्यात कुणी मानसशास्त्राची पीएच. डी. झाली असेल, तर पेढे जरूर खा, शाल-श्रीफळ जरूर द्या. ती ज्या वाटेने आली तिच्यावर पदवी नाकारली गेलेली कॅल्किन्स आहे, मार्गदर्शकाचे म्हणणे खोटे ठरविणाऱ्या इरावतीबाई आहेत, एकेक प्रश्न घासूनपुसून बसविणारे कामत आहेत. हे लहान घराणे नव्हे. पण सत्कार आटोपला, की तिला शाळेच्या पडवीत बसवा आणि अर्ध्या तासात, आपल्या भाषेत सांगायला लावा : तुझा प्रश्न कोणता होता, तू कुणाला विचारलेस, काय निघाले, आणि तुझा कोणता अंदाज चुकला? तिने नीट सांगितले, तर पारावरची मंडळी ‘दवाखाना कुठं टाकणार’ असे विचारणार नाहीत. कदाचित एखादी आजी पुढे सरकून विचारील, ‘बाई, आमचा नातू मुळीच बोलत नाही गं, त्याचं काय करावं?’ तेव्हा मात्र तिला घाईत उठून जाता येणार नाही. तिने पदराआडच्या त्या पोराला जवळ घ्यावे, आणि पुण्याहून आणलेली प्रश्नावली बाजूला ठेवून आधी त्याचे नाव विचारावे.